विटा ते वेळास : वार न पाहता तिथी पाहून केलेला कोकणप्रवास आणि वाटेतले वन्यजीव

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. विजापूर-गुहागर रस्ता आपल्या जिल्ह्यातल्या जत आणि विट्यावरून जातो. माझे लहानपण विट्यात गेले. हा रस्ता खरोखरच समुद्रापाशी जाऊन संपतो का, हा प्रश्न मला तेव्हा नेहमी पडत असे. पुढे नोकरीमुळे सांगलीत आल्यावर चार-पाच वेळा कोकणात जाणे झाले. पण प्रत्येक वेळी शनिवारी पहाटे निघायचे, रविवारी रात्री उशिरा परतायचे, आणि या दोन दिवसांत पाण्यात खेळणे व जेवणे यापलीकडे फारसे काही घडत नसे. गेल्या महिन्यात, फाल्गुनात, मी, पत्नी, माझे वडील आणि दहा वर्षांची मुलगी असे चौघे पाच दिवसांसाठी गेलो, आणि या वेळी निघण्याचा दिवस सुट्टीवरून न ठरवता पंचांगावरून ठरवला. त्या एका बदलामुळे जे दिसले, ते इथे सविस्तर लिहावे असे वाटले.

पंचांगाची कल्पना माझी नव्हे. मागच्या एका खेपेस चिपळूणजवळ खाडीत होडी चालवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले होते की घाटावरची माणसे वार बघून येतात आणि खाडीतले प्राणी तिथीप्रमाणे वागतात, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. त्यांनी तेव्हा सांगितलेला हिशेब कोकणात सर्वांना ठाऊक आहे, पण आपल्याकडे तो कोणी शिकवत नाही. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि पाणी वर-खाली कमी होते.

आता हे मगरीला लावून पाहा. मगर थंड रक्ताची असल्यामुळे हिवाळ्यात आणि हिवाळा सरता सरता सकाळचे ऊन अंगावर घेण्यासाठी तिला काठावर यावे लागते. वाशिष्ठीच्या खाडीत गाळाची बेटे आहेत, त्यांना तिकडे जुवे म्हणतात. भरतीच्या वेळी त्यांचे काठ पाण्याखाली असतात, ओहोटीला ते उघडे पडतात. म्हणजे मगर पाहायची असेल, तर ओहोटी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास येईल असा दिवस निवडायला हवा. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणून ओहोटी पावणेदहाच्या आसपास. आम्ही फाल्गुन शुद्ध पंचमी धरली. सकाळी होडीत बसलो आणि दोन तासांत नऊ मगरी पाहिल्या. त्यांपैकी एक दहा फुटांहून मोठी असावी. ती जबडा उघडा ठेवून निश्चल पडली होती. मुलीला वाटले ती आपल्यावर रागावली आहे. शरीराची उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी ती तसे करते, हे होडीवाल्यांनीच तिला समजावून सांगितले. कांदळवनाच्या कडेला काळ्या टोपीचा खंड्या बसलेला दिसला, जो आपल्या नदीकाठी मी कधी पाहिलेला नाही.

त्या दिवशी दुपारी गुहागरला पोहोचलो. रस्ता खरोखरच समुद्रापाशी संपतो. वडील काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, विट्याच्या बाजारात लहानपणी आम्हाला सुकट विकायला येणारी माणसे याच रस्त्याने वर येत असतील. गुहागरच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या अंड्यांसाठी जाळीचे कुंपण घातलेले संवर्धन केंद्र आहे. तिथे काम करणाऱ्या तरुणाने एक गोष्ट सांगितली, जी मी नंतर पडताळून पाहिली. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये पायाला धातूची खूणपट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी जानेवारी २०२५ मध्ये याच गुहागरला अंडी घालायला आली होती. पूर्व किनाऱ्यावरची आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवे वेगवेगळी राहतात, असे तोवर सर्वसाधारणपणे मानले जात होते.

षष्ठीला धोपावे इथून दाभोळला फेरीबोटीने गेलो. वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते. गाडीसह बोटीत चढता येते, आणि पलीकडे जाईपर्यंत ब्राह्मणी घारी डोक्यावर फिरत राहतात. पुढे दापोलीवरून हर्णैला दुपारचा माशांचा लिलाव पाहिला. तिथे हिवाळी पाहुणे असलेल्या कुरव पक्ष्यांचे थवेच्या थवे होते आणि ते परतीच्या प्रवासाच्या तयारीत असावेत, कारण काहींची डोकी काळी-तपकिरी होऊ लागली होती. रात्री आंजर्ल्याला मुक्काम केला. आंजर्ल्याच्या खाडीवर ओहोटीला चिखल्या आणि तुतवार पक्षी इतक्या संख्येने उतरतात की उभे राहून मोजणे अशक्य होते. मी तिथे दीड तास बसलो आणि पत्नीने मला दोनदा बोलावून नेले.

सप्तमीच्या संध्याकाळी वेळासला पोहोचलो. त्या दिवशी भरती सव्वापाचची, त्यामुळे सहाच्या सुमारास पाणी बरेच वर होते. तिथल्या कासव केंद्रातल्या घरट्यांवरच्या टोपल्या उचलल्या तेव्हा एका घरट्यातून कासवाची चौदा पिल्ले वर आलेली होती. ती समुद्रापासून काही अंतरावर वाळूवर सोडली आणि आम्ही सर्वजण दोरीच्या मागे बसून राहिलो. वडिलांनी नंतर सांगितले की इतकी माणसे एका ठिकाणी इतकी शांत बसलेली त्यांनी कीर्तनातही पाहिलेली नाहीत.

ज्यांनी हा किंवा असा प्रवास केला आहे, त्यांनी आपले अनुभव आणि माझ्या चुका अवश्य लिहाव्यात.

वाशिष्ठीची_लेक (माधवनगर)

माहेर चिपळूण, सासर इथले; त्यामुळे हा धागा वाचून फार आनंद झाला. आपल्या हिशेबात एक दुरुस्ती सुचवते. पाऊणपटीचा हिशेब उघड्या समुद्रकिनाऱ्याचा आहे. भरतीचे पाणी दाभोळच्या मुखातून आत शिरून गोवळकोटपर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून चिपळूणच्या बाजूला भरती आणि ओहोटी दोन्ही उशिरा होतात. किती उशिरा, ते त्या दिवसाच्या पाण्यावर अवलंबून असते. पण पंचमीऐवजी चतुर्थी धरली, तर गोवळकोटला ओहोटी सकाळच्या कोवळ्या उन्हात सापडण्याची शक्यता अधिक. निघण्यापूर्वी होडीवाल्यांना दूरध्वनी करून विचारणे सर्वांत चांगले. माझे वडील तिथी न विचारता, दारातून खाडीच्या चिखलाचा वास घेऊन ओहोटी किती झाली ते सांगत.

दुसरी गोष्ट सांगलीकरांना आवर्जून सांगावीशी वाटते. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचे पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून सांगलीकडे यायचे. पण कोयना धरणातले बरेच पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवून पोफळीच्या बाजूला वीजनिर्मितीसाठी खाली सोडले जाते आणि तेच पुढे वाशिष्ठीत येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने यासाठी ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवण्यास मान्यता दिलेली आहे. त्यामुळे आमच्या वाशिष्ठीला भर उन्हाळ्यातही गोडे पाणी असते. आपण चिपळूणला ज्या पाण्यात मगर पाहिली, त्यातला काही अंश एरवी सांगलीच्या आयर्विन पुलाखालून वाहत गेला असता. लग्न होऊन इथे आले तेव्हा पुलावर उभी राहून मी हाच विचार करत असे.

भिलवडीचा_मळा

धागा चांगला आहे, पण नदीकाठच्या माणसाचे म्हणणेही नोंदवले जावे म्हणून लिहितो. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, आमणापूर या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, हे सर्वांना माहीत आहे. चिपळूणला लोक पैसे देऊन मगर पाहतात. आमच्याकडे बायका धुणे धुवायला आणि शेतकरी मोटारीचा फूटव्हॉल्व्ह साफ करायला पाण्यात उतरतात तेव्हा ती दिसते. माणसे गेली आहेत. पोरे पोहायला जातात तेव्हा आईचा जीव टांगणीला लागलेला असतो. म्हणून मगरीविषयीच्या कौतुकाच्या लिखाणात हा भाग सुटू नये, एवढी विनंती.

त्याच वेळी हेही सांगतो की मगर आमच्यावर चालून आलेली नाही, ती इथलीच आहे. ज्या वाळूच्या आणि मळीच्या, म्हणजे गाळाच्या, काठावर ती ऊन घेत असे आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला खड्डा करून अंडी घालत असे, तो काठ वाळूच्या उपशाने खचला. पाणी वर्षभर तुंबून राहू लागले, ऊस थेट पाण्यापर्यंत आला. बसायला जागाच उरली नाही, तर ती माणसांच्या घाटापाशी येणारच. माझे आजोबा सांगत की पलीकडच्या काठावर मगर दिसली की अलीकडे उतरायचे, एवढाच नियम होता. आता अलीकडे आणि पलीकडे असे काही राहिलेच नाही.

गावात मगर शिरली किंवा विहिरीत पडली, तर दगड न मारता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आमच्या मळ्यातून दोन वेळा वनरक्षकांनी पिल्ले सुखरूप नेली आहेत.

कृष्णाकाठ (सांगली)

आपले म्हणणे मनापासून मान्य आहे. मी सांगली शहरात राहतो आणि नदी पुलावरून पाहतो, त्यामुळे माझ्या लिखाणात ही बाजू आली नाही. वाशिष्ठीच्या लेकीच्या दुरुस्तीबद्दलही आभार; आम्ही होडीत बसलो तेव्हा पाणी अजून ओसरतच होते, त्याचे कारण आता समजले. भिलवडीच्या मळ्यातून ऊन घेणारी मगर सुरक्षित अंतरावरून दाखवता येईल अशी एखादी उंच जागा असेल, तर मुलीला तिथे आणायला आवडेल. चिपळूणची मगर तिने पाहिली. आपल्या नदीतली पाहिलेली नाही.

हेळवाकचे_पावसाळे (पाटण तालुका)

मी अठरा वर्षे पाटण तालुक्यात शिक्षक आहे. या धाग्यात कराड ते चिपळूण हा टप्पा एका ओळीतही आलेला नाही, याचे वाईट वाटले. हेळवाक ओलांडून कुंभार्ली घाट लागतो, तो अनेकांना फक्त वळणांचा रस्ता वाटतो. उत्तरेला कोयना अभयारण्य आहे, दक्षिणेला चांदोली, आणि ही दोन्ही मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालेला आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कोयना, चांदोली आणि कास ही आपल्या भागातली ठिकाणे आहेत. इतक्या मोलाच्या प्रदेशातून आपण ताशी सत्तरच्या वेगाने, काचा वर करून जातो.

फाल्गुनात गेला होतात, तर पांगारा आणि काटेसावर फुललेले असणार. घाट सुरू होण्याआधी सकाळी सातच्या सुमारास रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी गाडी उभी करून, इंजिन बंद करून एका काटेसावरीखाली वीस मिनिटे थांबावे. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी, हरियल असे कितीतरी पक्षी त्या एका झाडावर येतात. हरियल हा आपला राज्यपक्षी, पण विद्यार्थ्यांनी तो पुस्तकातच पाहिलेला असतो. खालच्या दरीतून राखी रानकोंबड्याची बांग ऐकू येते. शेकरूची घरटी उंच झाडांच्या फांद्यांवर काटक्यांच्या गोळ्यासारखी दिसतात. एखाद्या धुक्याच्या सकाळी गवा दिसेलही; दिसला तर गाडीतून उतरू नये आणि हॉर्न वाजवू नये.

पावसाळ्यातला घाट वेगळाच असतो. जून-जुलैच्या रात्री बेडूक, खेकडे, साप आणि कधी कधी देवगांडूळ रस्ता ओलांडतात. देवगांडूळ हा गांडूळ नसून पाय नसलेला उभयचर आहे. कोयनेच्या नावाने ओळखला जाणारा एक भेक आहे. त्याचे शास्त्रीय वर्णन १९६३ मध्ये इथल्याच नमुन्यांवरून झाले आणि तो सह्याद्रीच्या या भागाबाहेर जगात कुठे आढळत नाही. मी एका पावसाळी पहाटे शाळेत जाताना एक किलोमीटर अंतरात चिरडलेले बेडूक मोजले, ते एकशे चार भरले. त्यानंतर मी रात्रीचा प्रवास पावसाळ्यात टाळतो, आणि करावाच लागला तर तीसच्या वेगाने करतो.

आणि कृपया माकडांना वडापाव, केळी, वेफर्स देऊ नका. घाटातल्या वळणावर माकडे रस्त्यावर येऊन बसतात ती याच सवयीमुळे, आणि मरतातही त्यामुळेच. आईच्या पोटाला बिलगलेल्या पिल्लासह गाडीखाली गेलेली माकडीण मी पाहिली आहे. त्या दिवशी मला वर्गात शिकवता आले नाही.

संगममाहुली_सातारा

मला मात्र या विषयात निराशाच पदरी पडली आहे. दोन वर्षांपूर्वी आईला आणि दोन मुलांना घेऊन साताऱ्याहून वेळासला गेले होते. ज्या घरी राहिलो, त्यांनी दूरध्वनीवर पिल्ले नक्की दिसतील असे सांगितले होते. शनिवारी संध्याकाळी काही नाही, रविवारी सकाळी काही नाही. किनाऱ्यावर दोनशेहून अधिक माणसे, त्यांपैकी कित्येकांच्या हातात दिवे लावलेले मोबाइल. माझी आई बहात्तर वर्षांची. ती वाळूत चालून दमली आणि तिने परत येताना एवढेच विचारले की आपण नेमके काय पाहायला आलो होतो. इतका लांबचा प्रवास करून काहीच न दिसण्याची शक्यता असेल, तर ते आधी स्पष्ट सांगायला नको का?

वाळूतली_पावले (मिरज)

आपली तक्रार रास्त आहे. पिल्ले नक्की दिसतील असे कोणीही सांगू नये. मी मिरजेचा, पण दोन हंगाम किनाऱ्यावरच्या कासवांच्या कामात मदतनीस म्हणून राहिलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ओडिशाच्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या संख्येने एकाच वेळी अंडी घालतात. आपल्या कोकणात तसे होत नाही. इथे एकेक मादी रात्री एकटी येते. ती मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवून अंगाने वाळू दाबते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांशी तिची पुन्हा भेट नाही. पहाटे गस्त घालणारे ग्रामस्थ तिच्या पावलांच्या खुणांवरून घरटे शोधतात. पूर्वी ही अंडी माणसे खायला किंवा विकायला नेत. आजही कोल्हे, कुत्री आणि घोरपडी ती उकरतात. म्हणून अंडी काही तासांच्या आत, ज्या स्थितीत होती त्याच स्थितीत न फिरवता, कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवावी लागतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने वेळासला २००२ मध्ये हे काम ग्रामस्थांच्या साथीने सुरू केले. आज वन विभाग आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्या आधाराने ते किनाऱ्यावरच्या अनेक गावांत चालते.

अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. हा फरक वाळूच्या उष्णतेमुळे पडतो. वाळू गरम तर दिवस कमी, थंड तर जास्त. पिल्लू नर होणार की मादी, हेही त्याच उष्णतेवर ठरते: गरम वाळूतून अधिक माद्या, थंड वाळूतून अधिक नर. इथे भिलवडीच्या मळ्याशी एक धागा जुळतो, कारण मगरीच्या अंड्यांचेही लिंग घरट्याच्या उष्णतेवरच ठरते. कृष्णेच्या काठाची मळी काय किंवा वेळासची वाळू काय, ती नुसती जागा नाही. आत वाढणाऱ्या जिवाचे पुढचे आयुष्य तिथेच ठरत असते.

मग निश्चित तारीख कोण देणार? केंद्रातले कार्यकर्ते प्रत्येक घरट्याची तारीख लिहून ठेवतात, त्यावरून अंदाज बांधता येतो. म्हणून जाण्याआधी राहण्याच्या घराला न विचारता केंद्राला विचारावे, की पुढच्या आठवड्यात किती घरट्यांचे दिवस भरत आले आहेत. तीन-चार घरटी भरत आली असतील तर शक्यता चांगली. दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा. शनिवार-रविवार टाळता आले तर फारच उत्तम.

मोबाइलच्या दिव्याबद्दल आपण लिहिलेत ते अगदी योग्य. पिल्लू बाहेर आल्यावर ज्या बाजूला क्षितिज उजळ, त्या बाजूला धावते. रात्री समुद्राकडचे आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, त्यावर त्याची सारी भिस्त. मागून कोणी दिवा दाखवला की ते वळते. त्याला उचलून पाण्यात सोडण्याची विनंतीही अनेक जण करतात, विशेषतः लहान मुलांचे पालक. तसे करू नये. त्याला वाळूवरून स्वतः चालत जाऊ द्यायचे असते. मी एका गृहस्थांना तीन वेळा सांगितले, तरी त्यांनी छायाचित्रासाठी पिल्लू तळहातावर घेतलेच. त्या रात्री मला झोप आली नाही.

वाईचा_घाट

सातारकरांसाठी एक जोड देतो. नाना फडणवीसांचा जन्म १७४२ मध्ये साताऱ्यात झाला, वाईजवळच्या मेणवलीत त्यांचा वाडा आणि घाट आहे, आणि त्यांचे मूळ गाव वेळास. मेणवलीच्या घाटावर उभे राहिलेल्या प्रत्येकाने एकदा वेळासला जावे असे मला फार वाटते. वेळासहून बाणकोटचा किल्ला जवळ आहे. तिथल्या तटावरून सावित्रीच्या मुखावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड घिरट्या घालताना आम्ही पाहिला. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, म्हणजे तीही आपल्याच जिल्ह्यातली.

जत_पूर्वभाग

डॉल्फिनबद्दल कोणी काहीच लिहिले नाही. आमच्याकडे पाऊसच पाच-सहाशे मिलिमीटरच्या आत, त्यामुळे मुलांना समुद्र हाच चमत्कार आहे. डॉल्फिन दिसले तर ती जन्मभर विसरणार नाहीत. होडीने जावे का?

कृष्णाकाठ (सांगली)

आम्ही होडीने गेलो नाही, आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही. कोकण किनाऱ्याजवळ दिसतो तो मुख्यतः कुबड्या डॉल्फिन. पाठीवरच्या उंचवट्यामुळे त्याला हे नाव आहे. तो उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी मासे शोधतो, त्यामुळे काठावरूनही दिसतो. मालवणच्या बाजूला त्याला गादा म्हणतात. गुहागरजवळ अंजनवेलला टाळकेश्वराच्या देवळापाशी दीपगृह आहे. तिथून दाभोळ खाडीचे मुख समोर दिसते. षष्ठीच्या सकाळी फेरीबोटीकडे वळण्याआधी आम्ही तिथे सात ते नऊ बसलो. पहिला तास काहीही नाही. मग वडिलांनीच प्रथम पाण्यावर करड्या पाठीची एक कमान दाखवली, आणि पुढच्या अर्ध्या तासात ती पाच-सहा वेळा वर आली. बहुधा दोन प्राणी असावेत. त्याच वेळी दूर एक होडी त्यांच्या मागे वेगाने जाताना दिसली. होडी जवळ आली की ते बुडी मारत आणि बराच वेळ वर येत नसत. होडीने जायचेच असेल, तर इंजिन बंद करून थांबायला तयार असणारा होडीवाला निवडावा आणि पाठलाग नको असे त्याला आधीच सांगावे. गिऱ्हाईकच सांगते म्हटल्यावर तोही ऐकतो. सोबत दुर्बीण असावी. आम्ही शेजाऱ्यांची नेली होती.

जत_पूर्वभाग

आभारी आहे. आमच्याकडे गाडी नाही. एसटीने जमेल का?

वाशिष्ठीची_लेक (माधवनगर)

नक्की जमेल. कराडहून चिपळूणला आणि चिपळूणहून गुहागरला एसटी मिळते. मुले लहान असतील तर वेळासचा आग्रह धरू नका, तो फार आडबाजूला आहे. गुहागरलाच दोन दिवस राहा. किनारा गावाला लागून आहे, कासवांचे केंद्र तिथेही आहे. चिपळूणला उतरून मगरी पाहायच्या असतील, तर मला कळवा. माझा भाऊ तुम्हाला होडीपर्यंत पोहोचवील. आणि एसटीत डावीकडची-उजवीकडची चिंता न करता खिडकी धरा. घाटात दोन्ही बाजूंना पाहण्यासारखे आहे.

भिलवडीचा_मळा

कृष्णाकाठ यांनी विचारले होते म्हणून काल संध्याकाळी बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन आलो. आमच्या चुलत्यांच्या शेताच्या टोकाला काठ वीसेक फूट उंच आहे, आणि समोर मळीचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. पलीकडे एक मोठी आणि दोन लहान मगरी होत्या. मुलीला घेऊन या. सकाळी आठच्या आत या, नंतर पंप सुरू होतात. आपल्या नदीला तिथी लागत नाही.

संगममाहुली_सातारा

वाळूतली पावले यांनी सुचवल्याप्रमाणे केंद्राला विचारून निघालो. त्यांनी सांगितले की चैत्री पौर्णिमेच्या आसपास पाच घरट्यांचे दिवस भरत आहेत, मात्र खात्री नाही. मी आईला हे जसेच्या तसे सांगितले. ती म्हणाली, खात्री नाही हे ठाऊक असेल तर येते.

बुधवारी निघालो. कुंभार्ली घाटाच्या आधी काटेसावरीखाली थांबलो. फुले संपली होती, बोंडे फुटून कापूस उडत होता, तरी बुलबुल होतेच. पहिल्या संध्याकाळी वेळासला काही नाही. किनाऱ्यावर आम्ही धरून तेरा माणसे. दुसऱ्या दिवशी, चतुर्दशीला, सकाळी पावणेसातला दुसरी टोपली उचलली आणि तिच्याखाली अकरा पिल्ले होती. पाऊणपटीच्या हिशेबाने पूर्ण भरती साडेदहाची, त्यामुळे पाणी अजून दूर होते आणि पिल्लांना बरेच चालावे लागले. दहा गेली. अकरावे एका पावलाच्या खळग्यात अडकून दोनदा उलटे झाले. धाकट्याने हात पुढे केला आणि आईने त्याचा हात धरून ठेवला. केंद्रातल्या ताईंनी फक्त पुढची वाळू सपाट केली. मग एक लाट बरीच वर आली, त्याला घेऊन गेली, परत आणून टाकले, आणि तिसऱ्या लाटेनंतर ते दिसले नाही.

आई बराच वेळ उठली नाही. परतताना तिने गाडी मेणवलीला थांबवायला सांगितली आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसून कृष्णेच्या पाण्यात पाय सोडले.